मामांची तीन मशीनं

मामांच्या घरी बीपीची तीन मशीनं आहेत. पहिलं सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेलं, दंडाला पट्टा बांधायचं. दुसरंही दंडाचंच, पण ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालं म्हणून मामेभावानं मागवलेलं. त्यावरचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही कधी ऐकलं नाही. तिसरं मनगटाचं, कुणीतरी पंचाहत्तरीला भेट दिलेलं. रोज सकाळी मामा तिन्ही लावतात. पहिलं दीडशेच्या पुढे जातं, तिसऱ्याचा काही नेम नसतो, दुसरं मात्र १२८, १३०, १२७ असं शहाण्या मुलासारखं वागतं. मामा वहीत दुसऱ्याचा आकडा लिहितात. “पहिलं जुनं झालंय रे, काहीही दाखवतं.”

दिवाळीत गेलो होतो तेव्हा त्या शहाण्या मशीनवर मी स्वतःचं बीपी बघितलं. १२६. मामींचं १२९. मामेभावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचं १२७. तीन मजले जिना चढून धापा टाकत आलेल्या मामेभावाचं १३०. घरातल्या कुणाचंही मन दुखवायचं नाही असं त्या यंत्रानं ठरवलेलंच दिसलं.

थर्मामीटर खोटा बोलला तर कपाळाला हात लावून शंका तरी येते. वजनकाट्यावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून बघता येते. मामांच्या भिंतीवरचं घड्याळ गणपतीपासून साडेदहावर थांबलंय, ते मोबाइल बघितला की कळतं. बीपीच्या मशीनचं तसं नाही. रक्तदाबाला रंग नाही, वास नाही, आणि बहुतेकांना तो वाढल्याचं एकही लक्षण जाणवत नाही. ‘डोकं जड झालं म्हणजे बीपी वाढलं’ ही आपली घरगुती समजूत बहुतेक वेळा चुकते. मशीन सांगतं तेवढंच आपल्याला कळतं. आणि मशीन जे सांगतं ते मुळात मोजलेलं नसतंच, हे दुकानात कुणी सांगत नाही.

दाब खऱ्या अर्थानं मोजायचा तर धमनीत नळी घालावी लागते. पहिल्यांदा केलं गेलं ते तसंच. स्टीफन हेल्स हा इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचा पाद्री. त्यानं एका घोडीला उताणं बांधलं, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला जवळजवळ नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच वर चढलं. हे त्यानं १७३३ साली छापलं. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये हिशेब केला तर हा आकडा १९० च्या आसपास जातो. दोरखंडांनी आवळलेल्या घोडीचं बीपी तेवढं असणारच. दवाखान्याची पायरी चढताच ज्यांचं बीपी चढतं, त्यांची ती आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही.

न कापता मोजण्याची सोपी युक्ती मिळायला त्यानंतर दीडशेच्या वर वर्षं गेली. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात शिपिओने रिवा-रोच्ची या डॉक्टरनं दंडाला रबरी फुगा गुंडाळला, त्याला पाऱ्याची नळी जोडली आणि मनगटाची नाडी बंद पडेपर्यंत हवा भरली. नाडी कुठे परत लागते तो वरचा आकडा. खालचा आकडा त्याला मिळत नव्हता. तो मिळवून दिला सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीतल्या निकोलाय कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकानं, १९०५ मध्ये. पट्ट्याच्या खाली कोपराजवळ स्टेथोस्कोप ठेवला तर हवा सोडताना एका क्षणी ठकठक सुरू होते आणि एका क्षणी ती विरते. सुरू होते तो वरचा आकडा, विरते तो खालचा. हे त्यानं सांगितलं ते पानभराच्याही आत. आजवर आपल्या डॉक्टरांनी पाऱ्याच्या उभ्या मशीनसोबत जे ऐकले ते हेच आवाज.

या पद्धतीला माणसाचा कान आणि माणसाचा आळस दोन्ही लागतात. आपली जुनी फाईल काढून बघा: १३०/८०, १४०/९०, १२०/८०. शेवटी शून्यच. पाऱ्याच्या नळीवरच्या दोन-दोनच्या खुणांनी पाचांत एकदा शून्य यावं, इथे पाचांत पाच वेळा येतं. पारा कधी खोटं बोलत नव्हता, पण तो वाचणारा गोल आकडा पसंत करत होता. आता पाराही चाललाय. जपानमधल्या मिनामाताच्या विषबाधेचं नाव घेतलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि पाऱ्याची थर्मामीटर, पाऱ्याची बीपी मशीनं हळूहळू बाजारातून निघू लागली.

त्यांच्या जागी आलेल्या डिजिटल मशीनला कान नाहीत. दंडावरचा पट्टा फुगून सैल होताना धमनीच्या प्रत्येक ठोक्यागणिक आतल्या हवेला बारीकसा धक्का बसतो. आधी हे धक्के क्षीण असतात, मग मोठे होत जातात, एका ठिकाणी सर्वांत मोठे होतात आणि पुन्हा विरतात. सर्वांत मोठा धक्का बसतो त्या वेळचा पट्ट्यातला दाब हा धमनीतल्या सरासरी दाबाच्या जवळचा असतो. मशीनला खात्रीनं कळतं ते एवढंच. १९७६ मध्ये मेनार्ड रॅम्सी यांनी बनवलेलं डायनामॅप हे या जातीचं पहिलं गाजलेलं रुग्णालयीन यंत्र. सुरुवातीला ते फक्त हा सरासरी आकडाच दाखवत असे, आणि ते प्रामाणिक होतं. वरचा आणि खालचा हे दोन आकडे नंतर आले. धक्के कसे वाढले आणि कसे ओसरले यावरून ते गणितानं काढतात. हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि मसाल्याच्या कृतीसारखं गुप्त असतं.

म्हणजे मशीन शितावरून भाताची परीक्षा करतं. शितावरून भात ओळखता येतो, त्यात गैर काही नाही. पण ओळखणाऱ्याला येतं की नाही, हे आधी कुणीतरी तपासायला हवं.

तशी तपासणी आहे, आणि चांगलीच कडक आहे. अमेरिकी, युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१८ मध्ये मिळून एकच नियम ठरवला. किमान ८५ माणसं घ्यायची. त्यांच्या दंडावर एकदा मशीन, एकदा माणूस, पुन्हा मशीन, पुन्हा माणूस, अशा प्रत्येकी तीन तुलना करायच्या. माणूसही एक नाही, दोन. एकाच स्टेथोस्कोपला दोन जोड कानांचे, एकमेकांचा आकडा न बघता लिहिणारे. दोघांत चारपेक्षा जास्त फरक आला तर ती नोंद बाद. शेवटी मशीनची सरासरी चूक पाचाच्या आत हवी, शिवाय चुकांचा पसारा म्हणजे प्रमाण विचलन आठाच्या आत हवं. दुसरी अट महत्त्वाची आहे. एकाला वीस जास्त आणि दुसऱ्याला वीस कमी सांगणाऱ्या मशीनची सरासरी चूक शून्यच येते.

आणखी एक अट मला विशेष आवडते. त्या ८५ जणांत काहींचा वरचा आकडा १६० च्या पुढे आणि काहींचा १०० च्या खाली असावाच लागतो. सगळे सव्वाशेवाले गोळा करून चालत नाही. मामांच्या दुसऱ्या मशीनसारखी, सगळ्यांना सव्वाशे-एकशेतीसचा प्रसाद वाटणारी यंत्रं इथेच अडकतात.

तेव्हा दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती वर्षांची गॅरंटी’ हा नाही, ‘या मॉडेलची अशी चाचणी झालीय का’ हा आहे. त्याला बहुधा माहीत नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. उत्तर आपल्याला घरी बसून मिळतं. युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय हायपरटेन्शन सोसायट्यांच्या पुढाकारानं चालणारी स्ट्राइड बीपी ही संस्था तपासलेल्या मशीनची यादी संकेतस्थळावर फुकट ठेवते. ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीचीही अशीच यादी आहे. मशीन उलटं केलं की खाली एक चिकटपट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा क्रमांक असतो. तो अक्षरन् अक्षर यादीत जुळवून बघायचा. कंपनी मोठी आहे एवढ्यावर थांबणं म्हणजे नुसतं आडनाव बघून स्थळ पक्कं करणं. एकाच कंपनीचं एक मॉडेल तपासलेलं असतं आणि त्याच्या शेजारच्या खोक्यातलं नसतं. काही वेळा तेच यंत्र वेगवेगळ्या देशांत वेगळ्या क्रमांकानं विकलं जातं. यादीत अशा जुळ्यांची नोंद असते. नसेल तर ते जुळं आहे असं आपल्या मनानं धरू नये.

खोक्यावरच्या मजकुराचं मात्र काही सांगू नका. ‘डॉक्टरांची पसंती’, ‘जपानी तंत्रज्ञान’, ‘९९ टक्के अचूक’. कशाच्या ९९ टक्के? सीई हा युरोपीय शिक्का असला तरी त्याचा अर्थ कुणी त्रयस्थानं दंडावर चाचणी केली असा होत नाही. आपल्याकडे बीपीची मशीनं आता २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. खोक्यावर एमएफजी/एमडी किंवा आयएमपी/एमडी असा सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो नसेल तर खोकं तिथेच ठेवून द्यावं. असेल तर घेण्याजोग्या मशीनची पहिली पायरी झाली. ८५ दंडांची गोष्ट मात्र त्या क्रमांकावरून ग्राहकाला कळत नाही, त्यासाठी यादीच बघावी लागते.

ऑनलाइन बाजारात हे किती निसरडं आहे त्याचा एक हिशेब ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. तिथल्या ग्राहकाला ऑनलाइन घेता येतील अशी साडेनऊशेहून जास्त यंत्रं त्यांनी तपासली. दंडावर पट्टा बांधायची २७८ होती, त्यांतली जेमतेम १८ टक्के चाचणी झालेली निघाली. मनगटावर घड्याळासारख्या बांधायच्या पट्ट्या ५३२ होत्या. त्यांतली एकही नाही. भारतातल्या बाजाराचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. तीच खोकी इथल्याही पडद्यावर दिसतात.

किमतीबद्दल थोडं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, सरकारनं बीपी मशीन, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांतली गंमत थोडी कमी झाली. चाचणी झालेली साधी मशीनं दोन-अडीच हजारांच्या आसपासही मिळतात. जास्त पैसे बहुधा मोठ्या पडद्याचे, ब्लूटूथचे आणि दिव्यांचे असतात. आतलं गणित अनेकदा तेच.

आता पट्टा. दुकानात त्याला कफ म्हणतात, खोकल्याशी संबंध नाही. मशीन निवडताना सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच. रिवा-रोच्चीचा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद होता आणि त्यामुळे आकडे फुगून येत. १९०१ मध्ये जर्मन वैद्य हाइनरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी ते दाखवून दिलं आणि पट्टा रुंद केला. धमनी दंडाच्या आत खोल असते. अरुंद, आखूड पट्ट्याचा दाब तिथवर नीट पोचत नाही, म्हणून ती बंद करायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीन भरलेली हवा वाचतं, धमनी नाही. सव्वाशे वर्षं झाली, दुकानात आजही एकच माप काढून देतात.

बहुतेक मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. हे माप पट्ट्यावरच छापलेलं असतं, कुणी वाचत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे असते ती टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून दंडाचा घेर मोजा. जरा अंगानं भरलेल्या माणसाचा घेर सहज ३४-३५ येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे १९५ जणांवर हे बघितलं गेलं. ज्यांना मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी पाचानं जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा हवा होता त्यांचा जवळपास वीसनं! या वीसपायी माणसाला आयुष्यभराची गोळी लागू शकते.

उलटही होतं, आणि ते आपल्याकडे जास्त लपून राहतं. ज्यांना छोटा पट्टा हवा त्यांना नेहमीचा बांधला तर आकडा सरासरी साडेतीनानं कमी आला. शेतात राबलेल्या, काटक, वीस-एकवीस सेंटीमीटर दंडाच्या आज्या गावोगाव आहेत. त्यांच्या दंडाला मोठा पट्टा दोन वेढे घेऊन बांधला जातो आणि ‘आजी, तुमचं बीपी एकदम छान’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं जातं.

घरात वेगवेगळ्या अंगलोटाची माणसं असतील तर २२ ते ४२ सेंटीमीटरचा रुंद मापाचा पट्टा मिळतो, तो असलेलं मॉडेल घ्यावं, किंवा दोन मापं घ्यावीत. मात्र पट्टा त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. नळी बसली म्हणून एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावला की चाचणीचं सगळं मुसळ केरात. चाचणी त्या जोडीची झालेली असते.

मनगटाचं मशीन घेऊच नये असं नाही. दंड इतका जाड आणि निमुळता असेल की कुठलाच पट्टा बसत नाही, तेव्हा तपासलेलं मनगटी मशीन उपयोगी पडतं. पण मनगट हलतं, आणि हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली गेलं की आकडा सात-आठानं चढतो, वर गेलं की तेवढाच उतरतो. मामांच्या तिसऱ्या मशीनचा नेम का नव्हता ते यात आलं: कधी ते हात मांडीवर ठेवून घेत, कधी उशीवर.

घड्याळं बहुतेक प्रकाशाच्या झोतानं त्वचेखालच्या रक्ताची लाट बघतात आणि तिच्यावरून दाबाचा अंदाज करतात. त्यांना दर काही आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे खरं मशीन घरात लागतंच. आणि मोबाइलचं ॲप? अमेरिकेत इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं ॲप एक लाखाहून जास्त वेळा विकलं गेलं. २०१६ मध्ये संशोधकांनी ते तपासलं तेव्हा ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा दर पाचांतल्या जवळपास चौघांना ते ‘ठीक आहे’ सांगत होतं. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगानं कंपनीवर कारवाई केली.

मशीनवरच्या बाकी सोयींचं फार ओझं घेऊ नये. दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या ठेवायची सोय चांगली, नाहीतर मामींचे आकडे मामांच्या नावावर जातात. आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसणारे हवेत. लागोपाठ दोन-तीन मोजून सरासरी काढणारी मशीनं उत्तम, कारण ती माणसाला निवड करू देत नाहीत. अनियमित ठोक्यांचं चिन्ह उपयोगाचं आहे, ते सारखं दिसू लागलं तर डॉक्टरांना सांगावं. हृदयाची लय बिघडलेल्यांमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांमध्ये, धक्क्यांचं गणितच डळमळतं; अशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. गरोदरपण ही अगदी वेगळी गोष्ट. त्या काळात, विशेषतः प्री-एक्लॅम्प्सिया या गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात, नेहमीची मशीनं कमी आकडा दाखवण्याचा धोका असतो, म्हणून गरोदर बायकांसाठी वेगळी चाचणी झालेलं मॉडेलच घ्यायला हवं. यादीत त्याचा वेगळा रकाना असतो. लहान मुलांचंही तसंच.

यादीतलं मशीन, मापाचा पट्टा, दोन्ही जमलं तरी एक काम उरतं. चाचणी ८५ जणांच्या दंडावर झाली, तुमच्या नाही. चुकांचा पसारा आठाच्या आत असला तरी एखाद्या माणसाच्या बाबतीत तेच मशीन कायम सात-आठानं चुकू शकतं. म्हणून नवं मशीन घेतल्यावर ते पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावं. त्याच हातावर, त्याच बसणीत, आळीपाळीनं त्यांचं आणि आपलं लावून बघावं. पाचाच्या आत फरक असेल तर निश्चिंत. सहा ते दहाच्या दरम्यान असेल तर पुन्हा मोजावं. दहाच्या पुढे असेल तर ते मशीन आपलं नाही. वर्षा-दोन वर्षांनी हे पुन्हा करावं, कारण नळीला चिरा जातात, पट्ट्याचा वेल्क्रो सैल होतो, आणि हे सगळं आवाज न करता होतं.

मामांचं बीपी कसं बघितलं जातं ते मी एकदा नीट पाहिलं. सकाळचा चहा नुकताच झालेला. मामा पलंगाच्या कडेला, पाठीला टेका नाही, पाय अधांतरी. सदऱ्याची बाही दंडावर गुंडाळून वर सरकवलेली, तिचाच एक घट्ट पट्टा झालेला, त्याच्या खाली मशीनचा पट्टा. हात मांडीवर. आणि मशीन फुगत असताना दुधाच्या बिलावरून मामींशी चर्चा.

यातलं प्रत्येक आकडा चढवतं. २०२४ मध्ये त्याच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फक्त हाताची जागा तपासली गेली. हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी चारानं जास्त, बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहानं जास्त. भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, घरोघरी डिजिटल मशीननं तीन-तीन वेळा बीपी घेतलं गेलं, ते उगाच नाही. पहिला आकडा बहुधा सर्वांत वरचा असतो. त्या सर्वेक्षणात दर पाचांतली एक बाई आणि जवळपास चारांतला एक पुरुष वाढलेल्या बीपीचा किंवा त्यावर गोळी घेणारा निघाला. इतक्या घरांत आज ना उद्या मशीन येणार आहे.

नीट बसायचं म्हणजे खुर्चीवर पाठ टेकून, दोन्ही तळवे जमिनीवर, मांडी नाही, पायावर पाय नाही. आधी लघवीला जाऊन यायचं. भरलेलं मूत्राशय आकडा वाढवतं. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नाही. पाच मिनिटं गप्प. दंड उघडा, पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या मध्यावर येईल. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० सारखी धरतात. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर बघावं आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त त्यावरच मोजावं. दिवसातून अकरा वेळा मोजू नये. मोजण्याच्या धास्तीनंच बीपी चढतं, घोडी आठवा. मात्र १८०/१२० च्या पुढे आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, दृष्टी अंधुक होणं असं काही असेल तर पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

मामांच्या दंडाचा घेर मी मामींच्या शिवणाच्या डब्यातल्या टेपनं मोजला. ३४. पहिल्या, जुन्या मशीनचा क्रमांक यादीत सापडला. पट्टा मात्र २२ ते ३२ चा होता. म्हणजे मशीन खरं होतं, मापाचं नव्हतं. त्याच कंपनीचा रुंद पट्टा मागवला, आणि मामांना खुर्चीवर बसवून, दुधाचं बिल संध्याकाळपर्यंत तहकूब करून पुन्हा मोजलं. दीडशेपारचा आकडा सात-आठानं उतरला. दुसरं मशीन १२९ वर ठाम होतं. दोन्ही पिशवीत घालून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. जुन्या मशीनचा आणि त्यांचा फरक तीनचा आला, दुसऱ्याचा सतराचा. डॉक्टरांनी मामांची जुनी वही मिटली आणि नवे सात दिवस लिहून आणायला सांगितले. गोळीचं तेव्हा बघू म्हणाले.

मामा दोन दिवस जरा नाराज होते. इतकी वर्षं जे मशीन त्यांना वाईट बातमी देत होतं तेच खऱ्याच्या जवळ निघालं, हे पचायला वेळ लागतो. मनगटाचं मशीन कपाटात गेलं. दुसऱ्यातले चार सेल मामींनी काढून घेतले. भिंतीवरचं घड्याळ त्यातल्या एकावर आता चालतंय.